एकमोज्यावरचा आळ

४ जुलै

ढब्बू डॉक्टर,

पाकीट बघून दचकू नकोस, कुणी गेलेलं नाही. सगळे जागच्या जागी आहेत, मीसुद्धा. आत्याने फोन सोडून पत्र का लिहिलं म्हणशील, तर तुझ्या बहिणीच्या घरात फोनवर बोलणं म्हणजे चौकात उभं राहून बोलणं. ती फोन स्पीकरवर टाकते आणि भांडी विसळता विसळता मधेच माझी उत्तरं देते. कुणी विचारलं, "आत्या, कशी आहेस?" की मी तोंड उघडायच्या आत तिचं सुरू, "बरी आहे ती, गोड कमी खात नाही तेवढं सांग." माझी लेक आहे, पण वागते माझ्या सासूसारखी.

तर विचारायचंय ते माझ्यासाठी नाही, शेजारणीसाठी. बिचारी माझ्याच वयाची आहे, दिसायला मात्र माझ्यापेक्षा डावी. तिला पाच वर्षांची एक नात आहे. ही आजी नातीला झोपताना रोज गोष्ट सांगते. आता गोष्ट म्हटलं की एखादं भूत त्यात येणारच, त्याशिवाय पोर कशाला डोळे मिटतंय? तर ती नात हल्ली रात्री किंचाळत उठते. घामाने भिजलेली, आईच्या गळ्यात पडून थरथरते. दिवसाही चिडचिड, शाळेत कुणाला तरी चावली म्हणे. घरचे म्हणतात, हे सगळं आजीच्या भुतामुळे. आजी म्हणते, छे!

तू लहान मुलांचा डॉक्टर. माझ्या घरी राहून, माझ्या हातचा चहा पिऊन एवढी जाड पुस्तकं पाठ केलीस. तर खरं काय ते सांग, गोष्टीतल्या भुताने असं होतं का? 'नाही' एवढंच लिहिलंस तरी चालेल. पण मोठ्या अक्षरात लिही, म्हणजे शेजारणीला ते चार लोकांना दाखवता येईल.

आपली ठिणगी मजेत आहे. माझा घसा बसलाय, म्हणून सध्या गोष्टी बंद आहेत.

तुझी, घसा बसलेली
आत्या


११ जुलै

प्रिय आत्या,

तुझं पत्र दवाखान्यात आलं आणि कंपाउंडरने ते नोटीस समजून दोन दिवस माझ्यापासून लपवलं. त्यामुळे उशीर झाला.

तुझ्या शेजारणीला स्पष्ट सांग की दोष तिचाच आहे. पाच वर्षांच्या मुलीला खरं-खोटं वेगळं करता येत नाही. झोपायच्या वेळी डोक्यात भूत घातलं की ते रात्रभर तिथेच फिरणार. त्या आजीला म्हणावं, तोंड आवर. ससा सांग, कासव सांग, नाहीतर सरळ अंगाईगीत म्हण. महिनाभर भुतं बंद केली की मूल शांत झोपेल, लिहून देतो. अशा आज्या माझ्याकडे आठवड्याला एक तरी येतात. त्यांना समजावणं मुलांना सुई टोचण्यापेक्षा अवघड असतं.

तू मात्र घशाला जप. कोमट पाण्याने गुळण्या कर. आणि आत्या, लहानपणी तू आम्हाला सांगितलेल्या भुतांनी मी मोठा होईपर्यंत एकट्याने न्हाणीघरात गेलो नाही, हे त्या शेजारणीला उदाहरण म्हणून सांगायला हरकत नाही!

तुझा
ढब्बू


१९ जुलै

अरे दिवट्या,

ती शेजारीण म्हणजे मी.

आमच्या शेजारणीला नात नाही. दोन मांजरी आहेत, आणि त्या छान झोपतात. वाटलं होतं, तू 'नाही' लिहिशील आणि तो कागद मी तुझ्या बहिणीसमोर फडकवीन. माझ्याच हाताने पायावर धोंडा पाडून घेतला. आणि तोही कसा, ते ऐक.

तुझं अक्षर मला लागेना. मी गावच्या शाळेत शिकलेली, मास्तर पाटीवर ठळक लिहायचे तेवढंच मला वाचता येतं. तुझं पत्र म्हणजे शाईत बुडालेली मुंगी कागदावरून चालत गेल्यासारखं. म्हटलं, डॉक्टरचं अक्षर कुणाला लागतं? कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात गेले. दुकानदाराने चष्मा लावला आणि खणखणीत आवाजात वाचायला लागला. "दोष तिचाच आहे... त्या आजीला म्हणावं, तोंड आवर..." दुकानात सहा माणसं, सगळी कान टवकारून. वाचून झाल्यावर मला विचारतो, "हे जेवणाआधी घ्यायचं की नंतर?"

मी हसणार, तेवढ्यात मागून आवाज आला, "आई, कुठल्या शेजारणीची नात गं?" तुझी बहीण! ठिणगीच्या गोळ्या घ्यायला आली होती, माझ्या मागेच रांगेत उभी. घरी येईपर्यंत एक शब्द बोलली नाही. तिने बडबड केली तर मला काळजी नसते. ती गप्प बसली की समजावं, फाशी झाली.

आता लपवण्यात काही राम नाही, म्हणून सगळं सांगते. माझा घसा धडधाकट आहे. घरात मला गोष्टीची बंदी आहे, आणि ती तुझं पत्र यायच्या खूप आधीपासून. ठिणगीची खाट माझ्या खोलीतून उचलून त्यांच्या खोलीत नेली. संध्याकाळनंतर मी तिच्याशी फक्त हवापाण्यावर बोलायचं. आणि आता तुझ्या पत्राचा शिक्का बसल्यावर मला थोरल्या लेकाकडे पाठवायचं घाटतंय. "थोडे दिवस, आई," असं म्हणते. थोडे म्हणजे किती ते सांगत नाही. थोरल्याची बायको चांगली आहे, काही वाद नाही. पण त्याची पोरं मोठी झालीत, दिवसभर कानात बोंडं खुपसून बसतात. तिथे माझं ऐकणार कोण, फ्रिज?

आता माझी बाजू. बंदी झाल्यापासून मी भुताचा भ काढलेला नाही. तरी पोर उठतेच. दुसरं म्हणजे, माझं भूत मला ठाऊक आहे. त्याचं नाव एकमोज्या. त्याला एकच पाय आहे, म्हणून तो प्रत्येक जोडीतला एकच मोजा चोरतो. तो साबणाला घाबरतो, अंधारात कुणाला धक्का लागला तर "माफ करा हं" म्हणतो आणि शिंक आली की दिसायला लागतो. ठिणगी त्याच्यासाठी कपाटाच्या दाराशी मोजा ठेवून झोपायची. अशा भुताला कोण घाबरेल? तुझे आतोबा सोडून. ते खरंच दिवा लावून झोपायचे.

आणि ठिणगीला स्वप्नात एकमोज्या दिसतच नाही. मी हळूच विचारलं, तर म्हणाली, "आजी, छत खाली येतं. आणि सगळे मला सोडून जातात." हे माझं नाही रे. माझ्या कारखान्यात असला माल बनत नाही. मी तर टीव्हीवर संशय घेतला, जावयाच्या घोरण्यावर घेतला, शाळेतल्या नव्या बाईंवर घेतला. काही जुळेना. परवा तिने स्वतःचंच चित्र टराटरा फाडलं आणि "मला कुणीच आवडत नाही" म्हणून तासभर रडली. आमची ठिणगी, जी रस्त्यावरच्या कुत्र्यालाही "कसा आहेस, काका?" विचारायची.

तिचा तो जुना खोकला मात्र तुझ्या गोळीने पळाला हो, त्याचं श्रेय तुला देते. ती चघळायची गुलाबी गोळी आवडते तिला, अजून रोज झोपताना घेते. तुझी बहीण एक दिवस चुकवत नाही. "ढब्बूने दिलीय" म्हणते, जसं काही देवाने दिलीय.

पण मुद्दा तो नाही. मुद्दा हा की तू दुसरं पत्र लिही आणि त्यात 'मी चुकलो' असं लिही.

तुझी, तोंड न आवरणारी
आत्या


२४ जुलै

आत्या,

हे पत्र सावकाश लिहितोय. अक्षर बघ, यावेळी दुकानदाराकडे जावं लागणार नाही. जाऊही नकोस.

तुझ्या पत्रातली त्या गुलाबी गोळीची ओळ मी तीनदा वाचली. ठिणगी ती गोळी अजून घेतेय? मी पत्र खाली ठेवलं आणि आधी ताईला फोन लावला. गोळी आजपासून बंद करायला सांगितली आणि तिथल्या मुलांच्या डॉक्टरांना एकदा दाखवून आणायला सांगितलं. त्यांच्याशी मी स्वतः बोललोय.

मागच्या वर्षाच्या शेवटी आम्ही सगळे तुमच्याकडे जेवायला आलो होतो, आठवतं? ठिणगी खोकत होती. ताई म्हणाली, "ढब्बू, बघ ना रे हिला." मी हात धुता धुता तिच्या छातीला कान लावला आणि कागदी रुमालावर गोळीचं नाव लिहून दिलं. किती दिवस द्यायची ते लिहिलं नाही. परत कधी दाखवायचं, तेही नाही. आणि मग मी ते विसरूनही गेलो.

ती गोळी दम्याच्या मुलांसाठी असते, काही ॲलर्जींसाठीही. अशा कितीतरी मुलांना मी ती दिली आणि ती आज मैदानात धावतात. गोळी वाईट नाही. पण ठिणगीला दमा नाही. शाळेत जाणाऱ्या प्रत्येक मुलाला होतो तसला साधा सर्दीखोकला होता तो. औषधाच्या पाकिटात माहितीचा जो कागद असतो, त्यात या गोळीचा असा उपयोग लिहिलेलाच नाही. तरी आम्ही देतो. लहान मुलांच्या औषधांत कागदाबाहेर जावं लागतं आत्या, कारण बरीच औषधं आधी मोठ्यांवरच तपासलेली असतात आणि आमचे पेशंट असतात वीतभर. विचार करून गेलो तर त्यात गैर काही नाही. मी विचार केला नाही. सवयीने लिहून दिली.

आणि खरी गोष्ट आता सांगतो. काही थोड्या मुलांना या गोळीने भयंकर स्वप्नं पडतात. चिडचिड होते, उगाच रडू येतं. हे मला माहीत आहे. परीक्षेत लिहून मार्क मिळवलेत. आणि तू सगळी लक्षणं लिहून पाठवलीस, तर मी त्या आजीला तोंड आवरायला सांगितलं.

गोळीमुळेच झालं असं मी आजच छातीठोक सांगत नाही. बंद केल्यावर दिसेल.

एक विनंती आहे. ताईला मी कारण सांगितलेलं नाही. फक्त म्हटलं, बस झालं आता ते औषध. तिचा माझ्यावर फार विश्वास आहे गं. योग्य वेळ बघून मी सांगेन. तोवर तू काही बोलू नकोस.

ढब्बू


१६ ऑगस्ट

डॉक्टरसाहेब,

ठिणगी झोपते. अशी झोपते की सकाळी उठवायला पंखा बंद करावा लागतो. पहिले काही दिवस उठली एकदोनदा, मग तेही थांबलं. शाळेत जिला चावली होती, तिला स्वतःचा खोडरबर देऊन आली. काल जिन्यात एक अनोळखी बाई भेटली, तिला म्हणाली, "तुमची टिकली वाकडी आहे, पण छान दिसते." आमची पोर परत आली.

तुमच्या त्या डॉक्टरबाईही चांगल्या आहेत. छाती तपासली, सगळं विचारलं. खोकला आलाच तर आधी मला दाखवा, म्हणाल्या.

आता आनंदाची बातमी संपली. काल रात्री जेवताना तुझी बहीण जावयाला काय म्हणाली, ते ऐक. "बघितलंत? आईच्या गोष्टी बंद केल्या आणि पोर कशी शांत झोपायला लागली. ढब्बूने पत्रात लिहिलं होतं, महिनाभर लागेल. अगदी तसंच झालं."

तू लिहून दिलं होतंस, नाही का!

थोरल्याकडचं तिकीट काढलंय. पुढच्या महिन्यातलं. बॅग माळ्यावरून काढून पुसून ठेवलीय. ठिणगीने विचारलं, "आजी, एकमोज्या पण जाणार?" मी म्हटलं, त्याला तिकीट नाही काढलं. तर म्हणाली, "मग तो इथे एकटा काय करेल?" मी पुसलेली बॅग पुन्हा पुसायला घेतली.

मी का बोलले नाही विचारशील. तुझी विनंती होती म्हणून? फार चढू नकोस. मी सांगितलं तर ती म्हणणार, आई स्वतःला वाचवायला ढब्बूवर ढकलतेय. हे तिला तूच सांगू शकतोस, दुसरं कुणी नाही.

गोळी दिलीस त्याचा मला राग नाही, खरंच. ते कागदाबाहेर जाणं मी समजून घेतलंय. मोठ्याचा सदरा कापून पोराला शिवायचा, असंच ना? शीव बाबा, पोरं उघडी थोडीच ठेवायची! पण शिवून झाल्यावर घालून बघतात की नाही? काखेत काचतोय का, गळा घट्ट होतोय का, ते विचारतात की नाही? तू सदरा दिलास आणि जेवून निघून गेलास. आणि पोर काचतंय म्हणून रडली, तर तिच्या आजीला हाकलायला निघाले.

आणि योग्य वेळ म्हणजे कधी रे? माझी गाडी सुटल्यावर?

मी एक नवीन भूत तयार करतेय. ते गुबगुबीत आहे, गळ्यात नळी घालतं, लोकांकडे जेवायला जातं आणि हात धुता धुता चिठ्ठ्या लिहून अदृश्य होतं. नाव अजून ठेवलेलं नाही. ते तुझ्यावर सोपवते.

आत्या


२२ ऑगस्ट

आत्या,

त्या भुताला नाव नको. हरलो.

ताईला पत्र लिहिलं, आज टाकतोय. बोलायला फोन दोनदा हातात घेतला, पण ती स्पीकरवर टाकणार आणि भांड्यांच्या आवाजात मी अर्धंच बोलून सुटणार, हे मला ठाऊक होतं. म्हणून कागदावर लिहिलं, काहीही न वगळता. रुमालावरची चिठ्ठी, मला माहीत असलेली स्वप्नं, तुला न विचारता तुझ्यावर ठेवलेला दोष, आणि कळल्यावरही मी तुला गप्प बसायला सांगितलं ते. ते शेवटचं वाक्य लिहायला सगळ्यात जास्त वेळ लागला.

परवा एक आई आली होती. मुलगा सारखा रडतो म्हणाली, शाळेला कंटाळलाय, काहीतरी टॉनिक द्या. मी पेन उचललं आणि खाली ठेवलं. विचारलं, झोप कशी आहे? औषध काय चालू आहे? तीच गोळी. माझीच. मी दिलेली, मीच विसरलेली. आता प्रत्येकाला परत यायची तारीख लिहून देतो आणि रात्रीचं विचारतो. कंपाउंडर वैतागलाय, रांग लांबते म्हणतो.

ताई माझ्याशी बोलायची बंद झाली तर तू मधे पडशील ना?

ढब्बू


२ सप्टेंबर

ढब्बू,

मधे कशाला पडू? मला मजा बघू दे की थोडी.

तुझं पत्र आलं तेव्हा ती कपड्यांच्या घड्या घालत होती. उभ्या उभ्या वाचलं. मग बसली आणि पुन्हा वाचलं. मी समोर शेंगा सोलत होते, मान वर केली नाही. नाटक आपल्याला चांगलं जमतं.

"आई, तुला माहीत होतं?"

"होतं."

"कधीपासून?"

"गोळी बंद झाली तेव्हापासून."

"मग बोलली का नाहीस?"

"तू ऐकलं असतंस?"

तिने पत्र कपड्यांवर आपटलं. मग तुझ्यावर घसरली. माणूस आहे की कोण, घरचा डॉक्टर म्हणून आम्ही डोळे मिटून विश्वास टाकायचा आणि हा रुमालावर लिहिणार, वगैरे वगैरे. मी सगळं नीट ऐकून घेतलं, फार गोड वाटलं. तुला फोन येईल. उचल, आणि कानापासून वीतभर लांब धर.

मग एकदम तिचा आवाज बारीक झाला. म्हणाली, "मीही नाही विचारलं गं कुणाला. खोकला परत येईल अशी भीती वाटायची. गोळी चालू आहे तोवर बरं आहे, असं वाटायचं. आणि मी सरळ तुझ्यावर..." पुढचं गिळलं. तुला माहितीय ना, 'चुकले' हा शब्द तिच्या तोंडातून कधी आला नाही. लहानपणी बरणी फोडली तरी म्हणायची, बरणीच निसटली.

मीही ताणलं नाही. शेंगा सोलत बसले. खरं सांगू, डोळ्यांना नीट दिसत नव्हतं, तीन शेंगा सालासकट भांड्यात गेल्या.

संध्याकाळी खोलीतून घरघर आवाज आला. जाऊन बघते तर बाई एकटीच ठिणगीची खाट ओढत आणतेय. जावई म्हणाला, "थांब, मी धरतो," तर त्याच्यावरच डाफरली, "इतके दिवस कुठे होतात?" त्या बिचाऱ्याने काय केलं होतं! तिकीट रद्द केलं. बॅग मात्र मी माळ्यावर टाकू दिली नाही, दारातच ठेवलीय. असू दे जरा धाक.

रात्री अंथरुणावर पडायला गेले तर उशीवर एक मोजा. एकच. धुतलेला, घडी घातलेला. ठिणगीला विचारलं, तू ठेवलास का? ती म्हणाली, "नाही गं आजी! एकमोज्या आला!" आणि टाळ्या पिटत खाटेवर नाचायला लागली. मी मोजा उलटून बघितला. ठिणगीचा नव्हता. मोठ्या बाईचा होता, टाचेला रफू केलेलं. ते रफू मीच केलंय, तुझ्या बहिणीच्या लग्नाच्या आधी.

मग काय, गोष्ट झाली. एकमोज्या इतके दिवस कुठे गेला होता, तर त्याच्यावर चोरीचा खोटा आळ आला होता. शेवटी खरा चोर स्वतः पत्र लिहून कबूल झाला. ठिणगीने विचारलं, "खरा चोर वाईट होता?" मी म्हटलं, "नाही गं, गुबगुबीत होता. नुसता विसरभोळा." ती लगेच झोपली. दाराच्या फटीतून उजेड येत होता, तो जरा हलला आणि आवाज आला, "आई, मग त्या चोराचं पुढे काय झालं?"

मी म्हटलं, तो जेवायला येणार आहे.

तेव्हा ये. हात धुतल्यावर रुमाल तुला मिळणार नाही, टॉवेल मिळेल. आणि कधी येतोस ती तारीख आधी लिहून पाठव. चिठ्ठीवर तारीख नसली की काय होतं, ते आता तुला मी सांगायला नको.

तुझी, निर्दोष सुटलेली
आत्या